लहान महाविद्यालयात शिकलेले राज्यशास्त्र : आपले अनुभव लिहा

नाशिक जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी राज्यशास्त्र ‘स्पेशल’ (पदवीचा मुख्य विषय) घेऊन शिकलेल्यांनी आणि हा विषय शिकवणाऱ्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. वर्गात मोजकी मुले, विषयाला एकच प्राध्यापक आणि ग्रंथालयात एकच कपाट असताना हा विषय कसा शिकला गेला, याची नोंद राहिली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात मी करतो. टी.वाय.ला आम्ही नऊ जण होतो. १९७३ चा केशवानंद भारती खटला शिकवताना सरांनी फळ्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा कौल, ‘७ विरुद्ध ६’, एवढेच लिहिले आणि संसदेला घटनेची मूलभूत चौकट बदलता येऊ नये असे ज्यांना वाटते, त्यांना खिडकीकडच्या बाकांवर बसायला सांगितले. खिडकीकडे पाच जण बसले, दाराकडे चार. वाद रंगल्यावर एक मित्र वही घेऊन उठला आणि दाराकडे जाऊन बसला. तेवढ्याने निकाल फिरला. साठ मुलांच्या वर्गात हे घडले असते, असे मला वाटत नाही.

पेठ तालुक्यातील विद्यार्थिनी :
आमचा तालुका अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतो, हे मला एस.वाय.च्या वर्गात प्रथम कळले. अशा क्षेत्रातील पंचायतींसाठी केलेल्या १९९६ च्या पेसा कायद्यानुसार पाड्यालाही गाव मानता येते आणि त्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते, हे मी सुटीत घरी सांगितले, तेव्हा वडिलांनी भात लावता लावता विचारले की, मग आपल्याला सभेसाठी चार किलोमीटर का चालावे लागते? माझ्याकडे उत्तर नव्हते. परत आल्यावर मॅडमनी गाईड बाजूला ठेवायला लावले आणि मूळ कायद्याचे कलम ४ माझ्याकडून ओळीओळीने वाचून घेतले. त्या कलमाची झेरॉक्स आजही घरी पत्र्याच्या पेटीत आहे.

येवल्याचा माजी विद्यार्थी :
१३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, ही तारीख आमच्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असते. त्या घोषणेकडे राजकीय विचार म्हणून कसे पाहायचे, हे मात्र महाविद्यालयात शिकलो.

तासिका तत्त्वावरील प्राध्यापक :
प्रवेशाच्या दिवसांत आम्ही दुचाकीवरून गावोगाव विद्यार्थी शोधत फिरतो. ‘राज्यशास्त्र घेऊन पुढे काय?’ या प्रश्नाला स्पर्धा परीक्षेचे नाव सांगितले की पालकांचे समाधान होते. मला स्वतःला ते उत्तर अपुरे वाटते. एका वर्षी स्पेशलला चारच नावे आली, म्हणून आमच्या महाविद्यालयाने विशेष स्तर बंद केला आणि चौघांना इतिहासाकडे वळवले. तो निर्णय मला आजही मान्य नाही. त्या चौघांतील एक मुलगी इतिहासाचा तास संपल्यावर स्टाफरूममध्ये येऊन माझ्याकडून पंचायतींना घटनात्मक दर्जा आणि महिलांना त्यांत राखीव जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती समजून घेत असे. तिची आई त्या वर्षी महिला राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत निवडून आली होती आणि अंदाजपत्रकाच्या सभेत कोणते प्रश्न विचारायचे, ते तिला आईच्या वहीत लिहून द्यायचे होते.