ग्रिझली अस्वलाचं कातडं आणलं, मांस डोंगरातच सोडलं. हे कायद्याने चालतं, पण चालायला हवं का?

पाणवठा (धागा सुरू करणारा)

गेल्या सप्टेंबरात आम्ही घरचे पाच जण अलास्काच्या उत्तरेला ब्रूक्स रेंजमध्ये अस्वलाच्या शिकारीला गेलो होतो. ताई, भावोजी, १३ वर्षांचा भाचा, मी आणि माझी १५ वर्षांची लेक. ताई-भावोजी फेअरबँक्सला असतात, आम्ही मिनेसोटात.

बाहेरच्या राज्यातल्या माणसाला अलास्कात ग्रिझली मारायचं असेल तर परवानाधारक गाइड तरी लागतो, नाहीतर तिथे राहणारं जवळचं नातं. जवळचं म्हणजे कोण, तेही कायद्यात मांडलंय: आईवडील, मुलं, भावंडं, नवराबायको, आजीआजोबा, नातवंडं, सासूसासरे, जावई-सून, मेहुणे-मेहुण्या. काका, मामा, आत्या त्यात नाहीत. म्हणून मला भावोजींबरोबर शिकार करता आली. माझ्या लेकीला आत्या आणि तिचा नवरा चालत नाहीत, त्यामुळे ती बंदुकीशिवाय आली होती. परवान्याचे १६० आणि टॅगचे, म्हणजे एका अस्वलापुरत्या परवानगीच्या पट्टीचे, १००० डॉलर मी भरले.

छोट्या विमानाने नदीतल्या गोट्यांच्या पट्ट्यावर उतरवलं. उतरल्या दिवशी शिकार करायची नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ नंतरच, असा नियम आहे. तिसऱ्या दिवशी समोरच्या उतारावर अस्वल दिसलं. लाल झालेल्या झुडपांत बसून ब्लूबेरी ओरबाडत होतं. पिल्लं असलेल्या मादीला हात लावता येत नाही, म्हणून दोन तास दुर्बिणीला डोळा लावून बसलो. एकटं होतं आणि नर होता. गोळी मी झाडली.

कातडं काढायला संध्याकाळ झाली. पंजे नखांसकट कातड्यालाच ठेवायचे असतात. बोटांची एकेक हाडं आतून सोडवायची, कान उलटे करायचे, ओठ आतून चिरून मीठ चोळायचं. भावोजी हे सगळं भाच्याला दाखवत होते. कातडं उतरल्यावर उताणं पडलेलं ते धड माणसासारखं दिसतं, हे ऐकून होतो. समोर पाहिल्यावर हात थांबला. भाचा उठून ओढ्याकडे गेला. लेक म्हणाली, "बाबा, मांसाच्या पिशव्या कुठेत?" आणल्याच नव्हत्या. विमानाच्या ठरलेल्या फेऱ्यांत आम्ही, सामान आणि कातडं एवढंच बसणार होतं. आणखी एका फेरीचे पैसे द्यायचे नाहीत हे मी निघण्याआधीच ठरवलं होतं. टॅगला १००० डॉलर मोजताना मात्र हात आखडला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच. अलास्कात मूस किंवा कॅरिबू (दोन्ही मोठी हरणंच) मारलं तर खाण्याजोगं सगळं मांस आणावंच लागतं. मांसाच्या आधी शिंगं हलवायची नाहीत, आणि मांस सोडलं तर तो गुन्हा. ग्रिझलीला बहुतेक भागांत नेमकं उलटं आहे: कातडं आणि कवटी सक्तीची, मांस तुमच्या मर्जीवर. हा नियम बदलायला हवा. जे अस्वल खायचं नाही, ते मारायचं नाही.

अरण्यवाट

तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून मीही स्पष्ट लिहिते. मांस आणलं असतं तर मारणं बरोबर ठरलं असतं का? तुमच्या घरी फ्रीज भरलेला आहे. हजार डॉलरचा टॅग घेणारा माणूस भुकेपोटी डोंगरात जात नाही.

मी चंद्रपूरकडची. आमच्याकडे मोहाच्या दिवसांत बायामाणसं पहाटे फुलं वेचायला जातात आणि अस्वलंही त्याच झाडाखाली येतात. माझ्या मामाचा अर्धा गाल अस्वलाने नेलाय. तरीही मामाने कधी "मारा त्यांना" म्हटलेलं मी ऐकलं नाही. १९७२ च्या कायद्याने आपल्याकडे शिकारीवर बंधनं आली. ती आली नसती तर चित्त्याच्या मागोमाग आणखी कोण गेलं असतं, सांगता येत नाही. १९५२ ला चित्ता संपल्याचं जाहीर झालं, आणि त्याला मारणारे सगळे काही उपाशी नव्हते.

ग्रिझलीची मादी पाच-सहा वर्षांची झाल्याशिवाय सहसा विते नाही, आणि पुढची वेत तीन-चार वर्षांनी. इतक्या हळू वाढणाऱ्या प्राण्याला छंदासाठी मारू नये.

उत्तरवारा

मी १४ वर्षं अलास्कातच, अँकरेजला आहे, शिकार करतो. पाणवठा, तुमचा सल मला कळतो, पण त्यावरून सगळ्यांसाठी कायदा मागू नका.

अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाच्या जंताच्या अळ्या असू शकतात. डुकराच्या मांसातला जंत गोठवून मरतो, पण उत्तरेकडची जात थंडीला दाद देत नाही. २०२२ ची गोष्ट आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या उत्तरेत मारलेल्या काळ्या अस्वलाचं मांस ४५ दिवस फ्रीजरमध्ये होतं. साउथ डकोटात नातेवाईक जमले, त्याचे कबाब केले. मांस गडद रंगाचं, शिजलंय की नाही कळेना. सहा जण आजारी पडले. उद्या सक्ती केलीत तर दरवर्षी कितीतरी नवखी माणसं नाइलाजाने हे मांस घरी नेतील आणि पोराबाळांना घालतील.

दुसरं, डोंगरात सोडलेलं मांस वाया जात नाही. कावळे, कोल्हे, लांडगे, वुल्व्हरीन, दुसरी अस्वलं हाडंसुद्धा शिल्लक ठेवत नाहीत.

अरण्यवाट, अलास्कात तपकिरी अस्वलं (ग्रिझली त्यातलेच) अंदाजे ३०,००० आहेत. बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर आहे, रायफलींवर ११ टक्के, आणि १९३७ च्या कायद्याने तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. मोजणी, संशोधन, अधिवास यांचा बराच खर्च आमच्यासारख्यांच्या खिशातून होतो.

पाणवठा

उत्तरवारा, २०२२ चा तो प्रकार मीही वाचलाय. त्या सहांपैकी दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, मांसाबरोबर शिजवलेल्या भाज्या तेवढ्या खाल्ल्या होत्या. चूक शिजवण्यातली होती. मांस आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की अळ्या मरतात. आपण मटण शिट्ट्या करून शिजवतो. अर्धकच्च्या कबाबाचा हट्टच कशाला?

आणि तोच जंत काळ्या अस्वलातही असतो ना? तरी काळ्या अस्वलाचं मांस १ जानेवारी ते ३१ मे बऱ्याच भागांत आणावंच लागतं. जंताचं कारण खरं असतं तर तो नियमही नसता.

उत्तरवारा

हे मान्य, जंताचा मुद्दा एकटा पुरत नाही. पण काळ्या अस्वलाचा तो नियम वसंतातला आहे, तेव्हा ते गुहेतून नुकतंच बाहेर आलेलं असतं आणि मांस चांगलं असतं. किनाऱ्यावरचं अस्वल महिनाभर सामन मासे खाऊन बसलं की त्याच्या चरबीला असा वास येतो की भांडं टाकून द्यावं लागतं. मी एकदा केलंय. बायकोने आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या.

पाणवठा

माझं अस्वल किनाऱ्यावरचं नव्हतं. आम्ही होतो तिथे नदीला सामन येत नाही. ब्लूबेरी, मुळं आणि बिळांतल्या खारी खाणारं जनावर. पोट उघडलं तेव्हा आत नुसता जांभळा गर होता. ते मांस वास मारत होतं, असं म्हणायची सोय मला नाही.

उत्तरवारा

मग नियम सरसकट मागू नका, आतल्या डोंगराळ भागापुरता मागा. तरीही मी विरोध करीन, पण निदान वाद करण्याजोगं काही असेल.

धुकंदरी

मी कॅनडातल्या व्हँकुव्हरहून. पाणवठा, तुमचा मुद्दा आमच्याकडे होऊन गेलाय. ऑगस्ट २०१७ मध्ये आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारने जाहीर केलं की ग्रिझलीची हौसेखातर शिकार बंद, मांसासाठी मारायची परवानगी राहील, मात्र डोकं, पंजे, कातडं शिकाऱ्याने ठेवायचं नाही. मग लोकांची मतं मागवली, तर ७८ टक्के लोकांनी सगळीच शिकार बंद करा म्हटलं. तो नियम पळवाट आहे असं लोकांना वाटलं. डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी आली. मूळ रहिवाशांना अन्नासाठी आणि विधींसाठी मुभा आहे, बाकी कुणालाच नाही. तेव्हा प्रांतात अंदाजे १५,००० ग्रिझली होते आणि वर्षाला २५० च्या आसपास मारले जायचे.

म्हणजे मांसाची अट घातली तरी चार पिशव्या भरून आणायच्या, फ्रीजरच्या तळाशी टाकायच्या आणि कातडं भिंतीवर लावायचं, हे होणारच. तुम्ही ते कसं थांबवणार?

पाणवठा

नाही थांबवता येणार. कॅरिबूच्या बाबतीतही कुणी फ्रीजरमध्ये डोकावत नाही. पण पिशव्या पाठीवर घेऊन गोट्यांतून चालावं लागलं, जादा फेरीचे पैसे द्यावे लागले, की निघण्याआधी माणूस दहादा विचार करतो. मी केला असता.

गारवेल

सगळे शिकाऱ्यालाच झोडताय, थोडं दुसऱ्या बाजूनेही बघा. अलास्काच्या नैर्ऋत्येचा मुल्चाटना कॅरिबूंचा कळप १९९० च्या दशकात २ लाखांच्या घरात होता, नंतर १३,००० च्या आसपास आला. तिथल्या गावांना तेच अन्न. अस्वलं नवजात वासरं खातात हे कुणी नाकारत नाही.

अरण्यवाट

आणि त्यावर उपाय म्हणून २०२३ मध्ये राज्याच्या माणसांनी हेलिकॉप्टरमधून ९४ तपकिरी अस्वलं मारली. चारा कमी झाला, रोग आला, याची चर्चा मागे राहिली. गारवेल, याचा पाणवठा यांच्या सहलीशी संबंध काय? त्यांनी वासरं वाचवायला गोळी झाडली नव्हती.

लेकरांना का नेलंत, हे मात्र मला अजून विचारायचंय. भाचा ओढ्याकडे गेला, एवढंच लिहून तुम्ही पुढे गेलात.

फेअरबँक्सची

मी पाणवठाची ताई. भाचा माझा मुलगा, म्हणून उत्तर मी देते. तो ओढ्यावर बसून रडला. मी शेजारी बसले, समजूत घातली नाही. तो इथे वाढलाय. त्याच्या वर्गातल्या मुलांच्या घरी मूस लोंबकळत असतो. मांस कुठून येतं हे त्याने बघावं असं मला वाटत होतं, आणि त्या दिवशी नेमकं मांसच आलं नाही. हे मला डाचतं.

पण अरे, तू निम्मंच लिहिलंस. फेरीचे पैसे वाचवलेस हे खरं, पण त्या संध्याकाळी पश्चिमेकडून ढग उतरत होते ते कुठे गेलं? पायलटचा निरोप आला होता की सकाळी लवकर उचलतो, नाहीतर तीन दिवस येता येणार नाही. तुझ्या खिशात पैसे असते तरी मी मुलांना घेऊन निघालेच असते. सक्ती केलीस तर लोक मांसासाठी डोंगरात थांबतील आणि कुणीतरी बर्फात अडकेल. मी त्या कायद्याच्या बाजूने नाही.

इथले मूळ रहिवासी कोयुकॉन लोक अस्वलाचं नाव थेट घेत नाहीत, आडून बोलतात, विशेषतः बायका. आपली आजी रात्री सापाला 'लांबडं' म्हणायची तसंच. आणि आम्ही तंबूत बसून किती फुटी, किती किलो, एवढंच बोलत होतो. मला सुधारायचं असेल तर आधी तिथून सुधारायचंय.

दाताचा निकाल आला, तोही सांगते. कातडं आणि कवटी ३० दिवसांत खात्याकडे नेऊन मोहोर लावून घ्यावी लागते, तेव्हा ते एक छोटा दात काढून घेतात आणि झाडासारखी वलयं मोजून वय काढतात. २१ वर्षं.

पाणवठा

ताई, ढग खरे. ते मी लिहायला हवं होतं. पण सकाळच्या पहिल्या फेरीत तू मुलांना घेऊन गेलीस आणि मला न्यायला विमान आलं तेव्हा ११ वाजले होते. चार तास मी कातड्याशेजारी बसून होतो. धड २०० पावलांवर होतं. मागचे दोन पाय आणि पाठीची पट्टी एवढ्या वेळात सहज निघाली असती. निघाली नाही, कारण पिशव्या नव्हत्या, आणि पिशव्या नव्हत्या कारण मी घरूनच ठरवून आलो होतो. ढगांनी पिशव्या विसरायला लावल्या नाहीत.

तुझा मुद्दा धरून आणि उत्तरवारा यांचंही ऐकून मसुदा बदलतोय. अलास्काच्या शिकार मंडळाकडे कुणीही प्रस्ताव पाठवू शकतो. माझा असा: फक्त ब्रूक्स रेंजपुरता, मागचे पाय आणि पाठीचं मांस सक्तीचं, हवामानामुळे जीव धोक्यात असेल तर सूट. मांस कातड्याआधी किंवा कातड्याबरोबर विमानात चढलं पाहिजे, शिंगांना आहे तसंच.

अरण्यवाट

२१ वर्षं जगलेलं जनावर. मी अजूनही म्हणते, मारूच नये.

उत्तरवारा

मसुदा पाठवा, वाचतो. "पाठीचं मांस" असं मोघम लिहू नका. कुठल्या बरगडीपासून कुठपर्यंत ते स्पष्ट हवं, नाहीतर तपासणारा अधिकारीच अडचणीत येईल.