बेनेडिक्ट अर्नोल्ड: गद्दार, की काँग्रेसनेच घालवलेला सेनापती?

बोरूबहाद्दर:
अमेरिकेत अर्नोल्डचं नाव म्हणजे आपल्याकडचा सूर्याजी पिसाळ. ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धातला हा अमेरिकन सेनापती १७८० मध्ये वेस्ट पॉइंटचा किल्ला शत्रूला विकायला निघाला. पण त्याला शिवी घालून मोकळं होणं मला पटत नाही.

१७७५ मध्ये मेनच्या जंगलातून तो ब्रिटिशांच्या ताब्यातल्या क्वेबेकवर चालून गेला. निघाली अकराशेच्या आसपास माणसं, पोचली सहाशेच्या घरात. वाटेत कुत्री मारून खाल्ली, बुटांचं चामडं उकळलं. क्वेबेकला डाव्या पायात गोळी बसली. पुढच्या वर्षी घाईघाईने बांधलेल्या होड्या घेऊन त्याने शँप्लेन सरोवरात ब्रिटिशांना अडवलं. हरला, पण त्यांची स्वारी वर्षभर लांबली. बक्षीस काय? फेब्रुवारी १७७७ मध्ये काँग्रेसने (म्हणजे बंड केलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधी सभेने) त्याला डावलून पाच कनिष्ठांना मेजर जनरल केलं!

त्याच ऑक्टोबरात साराटोगाला वरिष्ठ अमेरिकन सेनापती गेट्सने त्याच्याकडून फौजेची सूत्रं काढून घेतली होती, तरी पठ्ठ्या घोडा फेकत लढाईत घुसला. तोच पाय पुन्हा फुटला. दहा दिवसांनी ब्रिटिश सेनापती बरगॉइन शरण आला आणि त्या जोरावर फ्रान्स मदतीला उतरला. सुवर्णपदक गेट्सला. पदरचा पैसा घातला त्याचा हिशेब मागितला, तर काँग्रेस म्हणते तूच आमचं देणं लागतोस. असं वागवल्यावर माणूस फुटेल नाही तर काय?

तिरकस:
बोरूबहाद्दर, कैफियत छान मांडलीत, तारखा मात्र सोयीने गाळल्यात. मेजर जनरलपद मे १७७७ मध्येच मिळालं आणि हुकलेली ज्येष्ठताही नंतर परत मिळाली. पदाच्या गैरवापरावरून झालेल्या कोर्ट मार्शलनंतर सरसेनापती वॉशिंग्टनने जाहीर ठपका ठेवला तो एप्रिल १७८० मध्ये. ब्रिटिशांशी गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला मे १७७९ मध्ये, पेगी शिपनशी लग्न होऊन महिनाच झाला होता. म्हणजे ठपक्याने दुखावला म्हणून फुटला, हे जमत नाही.

आणि भाव बघा. वेस्ट पॉइंटचे २०,००० पौंड, बेत फसला तरी १०,००० द्या म्हणाला. शेवटी ६,००० वर तुटलं. दुखावलेला माणूस राजीनामा देतो हो, दरपत्रक नाही पाठवत.

रानपाखरू:
पण गद्दारी कुणाशी? १७७५ पर्यंत ही सगळी मंडळी राजाचीच प्रजा होती. वॉशिंग्टनने राजाविरुद्ध शस्त्र उचललं तर क्रांती, अर्नोल्ड परत राजाकडे गेला तर पाप? फ्रान्सशी केलेली युती त्याला खुपत होती, हे त्याने नंतर जाहीर पत्रकातच म्हटलंय. युद्ध उलटं गेलं असतं तर पुतळे कुणाचे उभे राहिले असते?

तिरकस:
राजनिष्ठ असणं गुन्हा नव्हताच. हजारो लोक उघडपणे तिकडे गेले. याला वॉशिंग्टन सैन्याची डावी फळी देत होता. याने पायाचं निमित्त सांगून वेस्ट पॉइंट मागून घेतलं, ते विकायला! हडसनवरचा सगळ्यात मोक्याचा किल्ला, आत आपलीच शिबंदी. पत्रक नंतर छापलं, पैशाची बोली आधी लागली होती.

काळाघोडा:
मला राग येतो तो मेजर आंद्रेच्या, म्हणजे अर्नोल्डशी सौदा ठरवणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या प्रकरणाचा. २३ सप्टेंबर १७८० ला टॅरीटाउनजवळ तीन साध्या मिलिशियावाल्यांनी (गावकरी सैनिकांनी) त्याला अडवलं. मोज्यात किल्ल्याचे कागद! (ते तिघे त्याला लुटायलाच थांबले होते असंही म्हणतात. असू दे, कागद तर सापडले.) अर्नोल्डला नाश्त्याच्या टेबलावर या अटकेची चिठ्ठी मिळाली. बायकोला सांगितलं, आणि होडीतून थेट ब्रिटिशांच्या ‘व्हल्चर’ जहाजावर. आंद्रे २ ऑक्टोबरला फासावर गेला. अर्नोल्डसाहेबांना ब्रिटिश फौजेत ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा.

बोरूबहाद्दर:
आंद्रेला गणवेश उतरवून साध्या कपड्यांत जायला लावण्यात दुसऱ्यांचाही हात होता, सगळं याच्याच माथी नको. आणि साराटोगाच्या रणभूमीवर आजही त्याच्या बुटाचं दगडी स्मारक आहे, वर त्याचं नाव नाही. म्हणजे पराक्रम अमेरिकनांनाही नाकारता आलेला नाही.

तिरकस:
पराक्रम कोण नाकारतंय? पण सप्टेंबर १७८१ मध्ये त्याने ब्रिटिशांच्या बाजूने अमेरिकेतलंच न्यू लंडन शहर जाळलं, त्याच्या जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर. त्याच स्वारीत नदीपलीकडच्या फोर्ट ग्रिसवोल्ड किल्ल्यात शरण आलेल्यांनाही कापलं गेलं. तिथे त्याला कोणत्या काँग्रेसने डावललं होतं, तेवढं सांगा.