1936च्या स्पेनवरचा शूटर: आस्त्रा, लाबोरा हव्यात की नकोत?

काडतूस
ऐतिहासिक शूटर गेम म्हटला की त्याच त्या बंदुका: थॉम्पसन, एमपी 40, गारँड, मोसिन. त्यांच्या रीलोडचे आवाजसुद्धा आता तोंडपाठ झालेत. उद्या कुणी स्पॅनिश यादवी युद्धावर (1936 ते 1939, एकीकडे प्रजासत्ताक सरकार, दुसरीकडे फ्रँकोचे बंडखोर) नीट गेम काढलाच, तर त्यात काय असावं याची माझी यादी देतोय. खुशाल हाणून पाडा.

पहिलं नाव आस्त्रा 400. स्पॅनिश सैन्याचं 1921चं पिस्तूल, गेर्निकातल्या उन्सेताच्या कारखान्यातलं. काडतूस 9 मिमी लार्गो, म्हणजे चांगलं दणदणीत, आणि तरी आत लॉकिंग, म्हणजे गोळी सुटताना नळी आणि स्लाइड जखडून ठेवणं, ही भानगडच नाही. सगळा मार जड स्लाइडने (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) आणि नळीभोवतीच्या राक्षसी स्प्रिंगने सोसायचा. स्लाइड मागे ओढताना लागणारा जोर अ‍ॅनिमेशनमध्ये दिसला पाहिजे. सध्याच्या गेमांमध्ये सगळी पिस्तुलं लोण्यातून सुरी फिरावी तशी ओढली जातात.

शिवाय तेच पिस्तूल दोन्ही बाजूंना देता येतं. कारखाना बास्क भागात, बाकीच्या प्रजासत्ताकापासून तुटलेला, त्यामुळे प्रजासत्ताकवाल्यांनी कातालोनियात तेरासाला आणि व्हॅलेन्सियाला नकला काढल्या. तेरासाच्या नकलेवर ‘एफ. अस्कासो’ असा शिक्का असायचा. फ्रान्सिस्को अस्कासो हा 20 जुलै 1936 रोजी बार्सिलोनात मारला गेलेला अराजकवादी पुढारी. याच्यापेक्षा चांगली ‘स्किन’, म्हणजे गेममधल्या बंदुकीचं वेगळं रूप, कुठला डिझायनर सुचवणार?

दुसरी स्टार एसआय 35. बास्क भागातल्याच एइबार गावची सबमशीनगन. मिनिटाला 300 गोळ्या की 700, हे वापरणाऱ्याने ठरवायचं. गेमसाठी आयतीच.

तिसरी लाबोरा, 1938ची, कातालोनियाच्या युद्धउद्योगाने बनवलेली. युद्ध हरत आलेलं, तरी सुटे भाग पोलादातून कोरून काढलेले. दुसरीकडे पत्रे ठोकून बंदुका बनवायचे दिवस येत होते आणि इथे घड्याळजीसारखं काम चाललेलं.

पावशेर
हाच तो रोग. कारखान्यातून मोजक्या बाहेर पडलेल्या बंदुका गेममध्ये पोराटोरांच्या हातात. पहिल्या महायुद्धाच्या गेमांची हीच वाट लागली. खंदकात बसलेला जो तो ऑटोमॅटिक घेऊन धावतोय आणि दर गोळीला हाताने बोल्ट ओढणारा रायफलवाला शोधून सापडत नाही. एसआय 35 बनवायला किचकट, लाबोरा आली तेव्हा खेळ आटोपत आला होता. या दोन्ही टाकल्या की जो तो त्याच घेणार आणि 1893ची माउझर मेन्यूत धूळ खात पडणार. स्पेन त्या माउझरवर लढला.

तुम्हाला अनोखं काही हवंय ना? मग जुलै 1936चं माद्रिद घ्या. सरकारने कामगार संघटनांना रायफली वाटल्या, पण बहुतेकींना बोल्टच नव्हते, आणि बोल्टशिवाय रायफल झाडता येत नाही. ते माँतान्या बराकीत ठेवलेले आणि बराक बंडखोरांच्या ताब्यात. 20 जुलैला लोकांनी ती फोडली. मला हे मिशन द्या. हातात रायफल आहे पण झाडता येत नाही, आधी बराक घ्यायची. तुमची यादी याच्यापुढे काय चीज आहे?

काडतूस
मिशन झकास आहे, मान्य. पण बराक घेतल्यावर पुढे? बोल्ट मिळाला, आता तीन तास तीच माउझर? सिंगल प्लेअरमध्ये चालून जाईल. मल्टिप्लेअरमध्ये दुसऱ्या आठवड्यात सर्व्हर ओस पडतील.

मधली_सुट्टी
काडतूसशी सहमत, पण तुम्ही दोघेही सगळ्यात गमतीशीर पिस्तूल विसरलात. रुबी! 1915मध्ये फ्रेंचांना पिस्तुलं कमी पडली. एइबारच्या गाबिलोंदोकडे महिन्याला 10,000 ची मागणी गेली, मग ती वाढत गेली. त्याला एकट्याला झेपेना, म्हणून आसपासच्या डझनावारी कारखान्यांत काम वाटलं. साचा एकच, पण घर बदललं की मोदक बदलतो, तसं झालं. या कारखान्याचं मॅगझीन त्या कारखान्याच्या पिस्तुलात बसेना. शेवटी पिस्तुलावर आणि मॅगझीनवर जुळणारी अक्षरं ठोकायची पाळी आली.

आता हे गेममध्ये आणा. मेलेल्या शत्रूचं मॅगझीन उचललं, अक्षरं जुळली तर बसेल, नाहीतर फेका. 7.65 मिमीची असली पिस्तुलं 1936लाही स्पेनमध्ये ढिगाने होतीच.

पावशेर
बघा, मॅगझीन बसत नाही हे खरं. माझंही म्हणणं तेच! या युद्धाची गंमत बंदुकीच्या नावात नाही, काडतुसात आहे. स्पॅनिश माउझर 7 मिमी, रशियन मोसिन 7.62, जर्मन रायफल 7.92, इटालियन कारकानो 6.5, फ्रेंच लेबेल 8. रशियाने पहिल्या खेपांमध्ये 1870च्या दशकातल्या ग्रा आणि व्हेटर्ली रायफलीसुद्धा खपवल्या. अरागॉनच्या आघाडीवर लढायला आलेल्या लेखक जॉर्ज ऑर्वेलच्या हातात 1896ची जर्मन माउझर पडली होती. मेक्सिकोने 1936मध्ये 20,000 रायफली आणि 2 कोटी काडतुसं पाठवली आणि ती 7 मिमीचीच असल्याने स्पॅनिश रायफलीत सरळ चालली. ज्याला हे कळलं तो अमुक जहाज अडवायचं की तमुक, यावर आख्खं कॅम्पेन उभं करेल.

मधली_सुट्टी
पावशेर, तुम्हाला गेम नकोय, गोदामाचं रजिस्टर हवंय.

नागपुरी_संत्रं
अहो, भांडा पण आपल्या माणसाला विसरू नका. नागपूरचे गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार, संघाच्या सुरुवातीच्या काळातले सरकार्यवाह, 1937मध्ये ‘जॉन स्मिथ’ नावाने इंटरनॅशनल ब्रिगेडच्या (प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणारे परदेशी स्वयंसेवक) ब्रिटिश बटालियनमध्ये होते. एप्रिल 1938मध्ये गांदेसाजवळ पकडले गेले, सान पेद्रो दे कार्देन्याच्या छावणीत कैद भोगली, सुटून आले आणि पुढे कम्युनिस्ट झाले. असा प्रवास कथालेखकाने लिहिला तर आपण म्हणू, काहीही फेकतोय. कॅम्पेनचा नायक हाच करा की!

पावशेर
संत्रं भाऊ, जिंकलंत! आणि या नायकाच्या हातात काय द्यायचं? त्यांची बटालियन ज्या पंधराव्या ब्रिगेडमध्ये होती तिच्याकडे मोसिन-नागाँ रायफली, मॅक्सिम आणि डेगत्यारेव्ह मशीनगन. म्हणजे ज्या गनला काडतूस साहेब कंटाळलेत तीच! लाबोरा हातात दिलीत तर तो माणूस खोटा पडेल.

काडतूस
ठीक, त्यांच्या हातात मोसिनच राहू दे. पण विरोधी बाजूच्या अधिकाऱ्याला आस्त्राच द्या, त्यावर तडजोड नाही. गेर्निका 26 एप्रिल 1937ला बेचिराख झालं, पण उन्सेताचा कारखाना बॉम्बमधून वाचला आणि काही दिवसांत फ्रँकोकडे गेला. गाव गेलं, कारखाना शाबूत, हे कुठल्याही कटसीनशिवाय त्या पिस्तुलाच्या वर्णनात दोन ओळींत येतं. ‘अनोळखी बंदुका घाला’ म्हणतो ते एवढ्यासाठीच. डॅमेज किती, रेंज किती हे आकडे मला कोणत्याही गनचे मिळतात.

एसआय 35 मी यादीतून काढतो, पावशेरांच्या नावाने. लाबोरा मात्र मॅचमध्ये एकच, नकाशावर कुठेतरी पडलेली, शोधेल त्याची. तीही फक्त शेवटच्या मॅपवर, जानेवारी 1939च्या बार्सिलोनात.

पावशेर
बार्सिलोना 26 जानेवारीला जवळपास न लढताच पडली, साहेब. मॅपवर करणार काय, पळणाऱ्यांच्या गर्दीत लाबोरा शोधणार? त्यापेक्षा एब्रो नदीची लढाई घ्या. जुलै ते नोव्हेंबर 1938, रात्री होड्यांतून नदी पार, मग उघड्या खडकावर चार महिने तोफांचा मारा. तिथे तुमची एकुलती एक लाबोरा पडलेली असू दे, माझी हरकत नाही. फक्त मॅगझीन एकच, आणि तिला लागणाऱ्या 9 लार्गो काडतुसांचा पुरवठा बंद.