मदत हवी आहे: शाळेच्या सिक रूममध्ये औषध आणि पंप ठेवायचा आहे

नमस्कार. मुलगा दुसरीत, वजन २० किलो. शाळा कर्वेनगरला, सकाळी साडेसात ते दीड. कानाच्या संसर्गासाठी अँटिबायोटिक सिरप दिवसातून तीनदा, सात दिवस चालू आहे. शिवाय दम्यासाठी साल्ब्युटामॉलचा पंप 'लागेल तेव्हा'. शाळेने दोन्ही परत पाठवलं. सिरप छोट्या बाटलीत काढून दिलं होतं आणि पंपासोबत डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. काय करून द्यावं? आणि ताप येऊन गेला की कितव्या दिवशी शाळेत पाठवायचं?

प्रतिसाद: औषधवाला

सिरप परत आलं ते योग्यच झालं. लेबल नसलेल्या बाटलीतलं औषध कोणत्याही नर्सने देऊ नये. पण मुळात ते शाळेत न्यायची गरजच नाही. तीनदा म्हणजे त्यातला एक डोस डब्याच्या सुट्टीतच हवा असं नसतं. पावणेसात, दोन आणि साडेनऊ अशा वेळा बसतात का ते डॉक्टरांना विचारा. बरीच अँटिबायोटिक्स दिवसातून दोनदाही देता येतात, तेही विचारून घ्या.

सिरप पावडरचं असेल (अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट तसं येतं), तर उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालायचं, बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, दर वेळी हलवून द्यायची आणि सात दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं. कालवल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवा. दप्तरात पाच-सहा तास गरम होत राहिलेल्या सिरपचा भरवसा नाही. घरचा चमचाही नको, बाटलीसोबतचं मापच वापरा.

प्रतिसाद: सिकरूम

पंप मात्र शाळेत हवाच, ताई. डॉक्टरांच्या लेटरहेडवर एवढं लिहून घ्या: मुलाचं नाव, वर्ग, वजन, औषधाचं नाव आणि ताकद (बहुतेक पंप एका दाबाला १०० मायक्रोग्रॅमचे असतात), कोणती लक्षणं दिसली की द्यायचा, किती दाब, किती मिनिटांनी पुन्हा, आणि १०८ ला कधी फोन करायचा. 'लागेल तेव्हा' एवढ्यावर नर्सला काहीच ठरवता येत नाही. बोलताना मध्येच धाप लागणं, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, ओठ निळसर होणं ही चिन्हं शब्दांत लिहून घ्या. खाली पालकांची सही आणि दोन फोन नंबर, त्यातला एक शाळेच्या वेळात नक्की उचलला जाणारा.

सोबत स्पेसर (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी) द्या. पंप हलवायचा, एक दाब स्पेसरमध्ये, मुलाने पाच-सहा श्वास घ्यायचे, मग पंप पुन्हा हलवून पुढचा दाब. चार दाब एकदम मारले तर बरंचसं औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून आपोआप वाळू द्या. फडक्याने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथेच बसतं. पंप नवा असेल किंवा पाच दिवस वापरला नसेल तर आधी दोन दाब हवेत सोडायचे.

इथेच बऱ्याच जणांची फसगत होते: औषध संपलं तरी पंप 'फुस्स' करतो, कारण आतला वायू शिल्लक असतो. आकडा दिसणारा पंप घ्या. नसेल तर डब्यावर सुरुवातीची तारीख टाका आणि दाब मोजत जा.

धागाकर्ती: मनापासून धन्यवाद. पंप दप्तरात ठेवायचा की सिक रूममध्ये?

सिकरूम: दोन्हीकडे एकेक. धाप लागते ती मैदानावर किंवा दुसऱ्या मजल्यावर, आणि कुलूपबंद कपाटाची किल्ली शोधण्यात वेळ जातो. दप्तरातला कुठल्या कप्प्यात आहे ते वर्गशिक्षिका आणि खेळाच्या सरांना माहीत हवं. पंप उन्हात तापलेल्या व्हॅनमध्ये राहू देऊ नका.

प्रतिसाद: बालवैद्यक

ताप: औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप नसेल तर पाठवा. 'औषधाशिवाय' हे महत्त्वाचं. साडेसहाला पॅरासिटामॉल देऊन पाठवलेलं मूल अकराच्या आसपास पुन्हा तापतं, कारण डोसचा असर चार ते सहा तासच टिकतो. सिक रूमला सकाळचा डोस माहीत नसतो, मग दोन डोस जवळजवळ पडतात. म्हणून डायरीत डोसची वेळ लिहाच.

प्रमाण किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोला ३०० मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरला २५० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ते ६ मिलिलिटर होतं आणि १२० चं असेल तर साडेबारा. 'एक चमचा द्या' अशी चिठ्ठी इथेच चुकते. दोन डोसांत किमान चार तास आणि २४ तासांत जास्तीत जास्त चार डोस. पुण्यात पावसाळ्यात डेंगी असतो, तेव्हा डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय आयब्युप्रोफेन नको. ॲस्पिरिन मुलांना नकोच.

उलट्या-जुलाब थांबल्यावर पूर्ण दोन दिवस घरी. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत.

औषधवाला: एक राहिलं. सिक रूममध्ये ठेवायचं औषध व्हॅनच्या काकांकडे किंवा मुलाच्या हाती देऊ नका. स्वतः जाऊन द्या, बाटलीतलं प्रमाण आणि एक्स्पायरी रजिस्टरमध्ये लिहून सही घ्या, आणि पंपाची एक्स्पायरी जूनमध्ये शाळा सुरू होताना पुन्हा तपासा.