मदत हवी आहे: राजा-फौजेच्या मैदानी खेळात लढाईचा निकाल कसा लावावा?

राम राम मंडळी. अमरावती जिल्ह्यात, पऱ्हाटी उपटलेल्या वावरात आम्ही 26 जण वेष घेऊन दिवसभराचा राज्यांचा खेळ बसवतोय. चार राज्यं: देवगड आणि चांदा ही दोन गोंड राज्यं, नागपूरकर भोसले आणि एलिचपूरचा नवाब. राजा धरून प्रत्येकाकडे सहा-सात खेळाडू, बाकी फौज चिठ्ठ्यांवर. एक चिठ्ठी म्हणजे 50 शिपाई.

गाडं लढाईत अडतं. नुसत्या चिठ्ठ्या मोजल्या तर मोठी फौज ठरलेलीच जिंकते, अन् दुपारपासून चांद्याचा राजा धुऱ्यावर बसून मुरमुरे खातो. फासे टाकले तर डावपेचाला अर्थ राहत नाही. फोमच्या तलवारी दिल्या (आत पीव्हीसी पाइप, वर जुन्या गादीचा फोम, डोकं, मान वर्ज्य) तर दोन चपळ पोट्टे 400 शिपाई कापून मोकळे!

दुसरा घोळ राजा पडल्यावरचा. देवगडचा राजा चांद सुलतान वारल्यावर वारसांचं भांडण लागलं, त्यातूनच रघुजी भोसले देवगडात शिरले. खेळातही असंच व्हावं, पण मेलेल्या राजाचा गडी उरलेला दिवस करणार काय?

पंच एकच आहे, वावरात रेंज नाही, म्हणून ॲप सुचवू नका. सगळ्यात लहान खेळाडू 14 वर्षांचा. निकाल दोन-तीन मिनिटांत लागायला हवा.

तर चिठ्ठीवरची फौज आणि मैदानातली माणसं यांची सांगड कोणी घातली आहे का? आणि राजा पडला की त्याच्या चिठ्ठ्या वारसाकडे जाव्यात, की निम्मी फौज पांगावी?