जुन्या सॅलरी अकाउंटला मायनस बॅलन्स, कापलेले पैसे परत मिळतात का?

घाटावरचा:
पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो त्याला आठ महिने झाले, सॅलरी अकाउंट तसंच पडलेलं, त्यात १२४० रुपये होते. काल मित्राने उसने घेतलेले २००० त्यावर टाकले आणि बघतो तर १४७० च! स्टेटमेंट काढलं, तीन महिने दर महिन्याला ५९० कापलेत, मिनिमम बॅलन्स चार्ज म्हणे. तिसऱ्या वेळी खातं चक्क मायनस ५३० ला गेलेलं. ब्रँचमधल्या मॅडम म्हणाल्या सिस्टिमने कापलंय, आमच्या हातात नाही. पगार थांबला की खातं साधं सेव्हिंग होतं हे कोणी सांगितलंच नाही. सोडून देऊ का?

निवांत_नाना:
अकाउंट बंद कर, डोक्याला ताप नको.

रिटायर्ड_कॅशियर:
नाना, आधी पैसे, मग बंद. "सिस्टिमने कापलं" हे आम्हीपण म्हणायचो, लाईन पुढे सरकवायला. ५९० म्हणजे ५०० आणि वर १८ टक्के जीएसटी. आरबीआयचा नियम आहे, नोव्हेंबर २०१४ च्या सर्क्युलरने आलेला, एप्रिल २०१५ पासून लागू, त्यात स्पष्ट आहे की नुसत्या या चार्जमुळे सेव्हिंग खातं मायनसमध्ये जाता कामा नये. म्हणजे ते ५३० सरळ सरळ चूक. शिवाय कापायच्या आधी कळवून बॅलन्स भरायला महिनाभर द्यायला पाहिजे. मेसेज आलेला का?

घाटावरचा:
खात्याला जुना नंबर आहे, तो बंद केलाय 🙈

रिटायर्ड_कॅशियर:
मग मेसेजचा मुद्दा जरा लंगडा पडला, ईमेल तपासा. तरी मायनसचा मुद्दा कुठे जात नाही. तोंडी भांडू नका, लेखी द्या, तिन्ही तारखा आणि रकमा लिहा, झेरॉक्सवर शिक्का घ्या नाहीतर ॲपमधून टाकून तक्रार नंबर जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा, सीएमएस पोर्टल, फी शून्य. डायरेक्ट तिकडे गेलात तर परत पाठवतील, आधी बँकच.

घाटावरचा:
अपडेट. अर्जावर शिक्का मारताना मॅडमनी सर्क्युलरचा उल्लेख दोनदा वाचला, मग मॅनेजरकडे नेला. नवव्या दिवशी तिसरे ५९० परत जमा! आधीच्या दोनचं "नियमानुसार" म्हणतायत. ईमेलमध्ये काहीच नोटीस नाही, स्पॅमपण बघितलं, तेच लिहून दुसरा अर्ज दिलाय.