प्रथम वर्षाच्या लेखनाला प्रात्यक्षिकाचा दर्जा द्यावा का?

धागाकर्ती (तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळणारी शिक्षिका, सोलापूर):
मी प्रथम वर्षाला मराठी लेखनकौशल्ये शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणात हा विषय क्षमता संवर्धनाच्या गटात 2 श्रेयांकांचा (क्रेडिटचा), म्हणजे सत्रात 30 तासांचा आहे. माझे म्हणणे असे की यातला एक श्रेयांक विज्ञानासारखा प्रात्यक्षिकाचा धरावा आणि वर्गाच्या तुकड्या पाडून तो शिकवावा. मुलांचे लिखाण कोणीतरी वाचून, शेरे लिहून परत दिल्याशिवाय लेखन सुधारत नाही, आणि नेमके हेच काम आमच्या मानधनात कुठेही धरलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये अतिथी अध्यापकांसाठी एका व्याख्यानाला 1500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये ठरवले, पण मोजमाप तिथेही व्याख्यानाचेच. साठ वह्यांना दहा-दहा मिनिटे दिली तरी एका निबंधामागे दहा तास जातात.

शहराच्या पूर्वभागातल्या, म्हणजे विणकर वस्तीतल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते, "सूत तुटला की माग बंद पडते." दोन्ही लिंगे चुकली, पण तेलुगूत निर्जीव वस्तूंची अशी तीन लिंगांत विभागणी नसल्याने हा हलगर्जीपणा म्हणता येत नाही. मी लिंगे दुरुस्त केली आणि समासात विचारले, "नेहमीच बंद पडतो का?" पुढच्या खर्ड्यात तिने लिहिले की आडवा धागा तुटला तर माग आपोआप थांबतो, उभा तुटला तर तो चालूच राहतो आणि कापडात दोष पडत जातो, म्हणून वडिलांना सतत लक्ष ठेवावे लागते. हे तिला ठाऊकच होते, फक्त कोणी विचारले नव्हते.

निवृत्त प्राध्यापक:
मानधनाबद्दल दुमत नाही. ते लाजिरवाणे आहे. पण बाईंच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. प्रत्येक वही तपासलीच पाहिजे हा आग्रह आपणच लावून घेतला आहे. लाल शाईने भरलेली वही मुले उघडूनही पाहत नाहीत. मी दर आठवड्याला एकच उतारा, नाव झाकून, फळ्यावर घेत असे आणि वर्गाकडूनच सुधारून घेत असे. त्यातून साऱ्या वर्गाचे लेखन सुधारे, आणि वेळही तासातच बसे. शिवाय तुकड्या पाडल्या की वेळापत्रक लांबते. अक्कलकोट, मोहोळकडून एसटीने येणारी मुले दुपारच्या गाडीसाठी निघून जातात, आणि कित्येक जण दुसऱ्या पाळीत कामाला असतात. ज्यांच्यासाठी ही सोय करायची, तेच गैरहजर राहतील.

माजी विद्यार्थी, सध्या लेखापाल:
सर, फळ्यावरच्या उताऱ्यात माझी चूक कधी आलीच नाही. आमच्या घरी कन्नड बोलतात, आणि वर्गात उठून बोलण्याची माझी हिंमत नव्हती, त्यामुळे वर्गाने मिळून केलेल्या सुधारणेत माझा वाटा शून्य होता. पहिल्या नोकरीच्या अर्जात मी "आपणांस विनंती करतो की मला संधी द्यावी ही विनंती" असे लिहिले. माझी वही एकदा जरी कोणी नीट वाचली असती, तर हे आधीच कळले असते. मात्र बाईंनाही एक सांगतो: मानधन मिळेपर्यंत तपासणार नाही अशी भूमिका घेऊ नका. आमचे प्रथम वर्ष पुन्हा येत नाही.

धागाकर्ती:
तपासणे मी थांबवलेले नाही आणि थांबवणारही नाही. पण नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरतीच असते, पुढच्या वर्षी मी या मुलांसमोर असेनच असे नाही, आणि अशा माणसाच्या पदरच्या वेळेवर अख्खा विषय उभा करणे योग्य नाही. सर, फळ्यावरचा उतारा मीही घेते. अर्जाचा मायना, परिच्छेदाची रचना, विरामचिन्हे यांसाठी तो पुरतो. स्वतःचे म्हणणे मांडायची वेळ येते, तेव्हा मात्र प्रत्येकाची अडचण वेगळी असते. एसटीचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच प्रात्यक्षिकाचे तास सकाळच्या वेळापत्रकातच बसवावे लागतील.

निवृत्त प्राध्यापक:
सकाळी वर्गखोल्या मोकळ्या नसतात, हे मी वेळापत्रक समितीत असताना दरवर्षी पाहिले आहे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला व्याख्यानाच्या दुप्पट, म्हणजे 30 तास लागतात आणि तेही प्रत्येक तुकडीला वेगळे. तो कार्यभार शासन मंजूर करणार नाही.

धागाकर्ती:
रसायनशास्त्राच्या तुकड्यांचा कार्यभार मंजूर होतो, तेव्हा तत्त्व मान्य झालेलेच आहे. मागणी अभ्यास मंडळाकडून विद्यापीठाकडे रीतसर गेली तरच नकार लेखी येईल, आणि नकाराची कारणे कळली तर पुढचे बोलता येईल. मी मसुदा लिहायला घेतला आहे. सर, वर्गखोल्यांबद्दलची तुमची हरकत त्यात तुमच्याच शब्दांत घालू का?